पॉसम आणि बुरशी : एकाच ढोलीचे दोन धनी

रानजाई

नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय. विषय वाचून "हे काय आता" असं वाटेल पण शेवटपर्यंत वाचा.

लेकीला शाळेत काम मिळालं होतं, आपल्या जवळच्या जंगलातले दोन जीव निवडा आणि त्यांची तुलना करा, जितके वेगळे तितकं बरं. आम्ही मेलबर्नच्या पूर्वेला राहतो, दीड तासावर डोंगर आणि ती प्रचंड माउंटन अ‍ॅशची (म्हणजे युकॅलिप्टसचीच एक उंच जात) जंगलं. वर्गात सगळ्यांनी कोआला-कांगारू, वोंबॅट-एमू असं घेतलं. आमच्या लेकबाईंनी एकीकडे लिहिलं लेडबीटर पॉसम आणि दुसरीकडे 'झाड कुजवणारी बुरशी'. मी म्हटलं अगं यांचा काय संबंध, तर म्हणे संबंध नाहीच, म्हणून तर घेतले. तिचा तक्ता जमा होऊन तीन आठवडे झाले, मी मात्र अजून त्यातच अडकलेय.

आधी पॉसमबद्दल. हा शिशुधान प्राणी, म्हणजे कांगारूसारखा पिशवीवाला, पण वजन सव्वाशे ते दीडशे ग्रॅम, आपल्या हापूसपेक्षा हलका. करडा रंग, पाठीवर गडद पट्टा, आणि शेपटी मुळाशी बारीक नि टोकाकडे जाड, गदेसारखी. मेलबर्नच्या म्युझियमच्या फ्रेडरिक मॅककॉय यांनी १८६७ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली आणि म्युझियममध्ये प्राण्यांत पेंढा भरणारे जॉन लेडबीटर यांचं नाव त्याला दिलं. त्यानंतर मोजकेच नमुने मिळाले, विसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर तर कोणाला दिसेचना. १३ जानेवारी १९३९ ला व्हिक्टोरियात 'ब्लॅक फ्रायडे'ची भयंकर आग लागली, ७१ माणसं गेली, डोंगरच्या डोंगर जळाले, आणि लोकांनी ठरवलं की संपला हा प्राणी. मग ३ एप्रिल १९६१ ला मेरीजव्हिलजवळ कॅम्बरव्हिलला एरिक विल्किन्सन यांना तो रात्री परत दिसला. १९७१ मध्ये तो व्हिक्टोरियाचा राज्यप्राणी झाला, जसं आपल्याकडे शेकरू.

शेकरू आपलं घरटं फांद्यांवर बाहेर बांधतं. पॉसमला ढोली लागते, त्याशिवाय जमतच नाही. डोंगरावर हिवाळ्यात बर्फ पडतं, एवढासा जीव, बाहेर गारठून मरेल. म्हणून अख्खं कुटुंब, कधी कधी दहा-बारा जण, एका ढोलीत झाडाच्या सालीच्या धाग्यांचं गोल गादीसारखं घरटं करून एकमेकांना चिकटून झोपतं.

आता खरी गंमत. ऑस्ट्रेलियात सुतारपक्षी नाही. एकही नाही. तांबट पण नाही. आपल्याकडे ढोली कोण करतं विचारलं तर लहान पोर पण सांगेल सुतार. इथे लाकूड कोरणारा पक्षी नसल्यामुळे हे काम वाळवी, आग आणि सगळ्यात जास्त म्हणजे बुरशी करते. वाऱ्याने फांदी मोडली किंवा आगीने खोडाला जखम झाली की तिथून बुरशीचे बीजाणू आत जातात आणि मग कित्येक दशकं ती आतल्या आत गाभा खात बसते. माउंटन अ‍ॅशला शंभर-सव्वाशे वर्षांच्या आत ढोली धरतच नाही, आणि पॉसमला पाहिजे तशी, म्हणजे तोंड लहान आणि आत ऐसपैस, ती व्हायला दीडशे-दोनशे वर्षं लागतात.

म्हणजे लेकीने "संबंध नाही" म्हणून घेतलेले दोघं, त्यातल्या एकाचं जेवण म्हणजे दुसऱ्याचं घर.

पाडव्याच्या आदल्या शनिवारी आम्ही दोघी पॉसमच्या एका गणतीला गेलो होतो. पद्धत साधी आहे, सूर्य मावळायच्या आधी एका मेलेल्या उभ्या झाडाखाली जाऊन बसायचं (इथे अशा झाडाला स्टॅग म्हणतात), मान वर, आणि आभाळाच्या उजेडावर झाडाची काळी आकृती बघत राहायचं. बोलायचं नाही, टॉर्च लावायचा नाही. आमचं झाड १९३९ च्या आगीत मेलेलं, बुंधा एवढा की चार जणांनी हात धरले तरी कवेत येणार नाही, वरचा शेंडा कधीच तुटून गेलेला. माझी मान अवघडली होती, खाली ओल्या पानांचा वास, डास नाहीत पण जळवा आहेत (हो, इथेही). पक्षी गप्प झाले. मग साधारण वीस मिनिटांनी लेकीने माझा हात दाबला. वर एका भेगेतून गदेसारखी शेपटी बाहेर आली, एक क्षण थांबली, आणि सुर्रकन खोडावरून शेजारच्या झाडावर उडी. मग दुसरा. मग तिसरा. चौथा आत-बाहेर, आत-बाहेर करत राहिला आणि शेवटी तोही गेला. सगळं मिळून दोन मिनिटं.

परत येताना शेजारी पडलेल्या एका ओंडक्याचा तुकडा हातात घेतला. आतला गाभा विटेच्या रंगाचा, चौकोनी चौकोनी तडे गेलेला, बोटात दाबला तर तपकिरीसारखी पूड. वास पावसात भिजलेल्या सरपणाचा. तेव्हापासून डोक्यात चाललंय की पॉसमसाठी पाट्या आहेत, देणग्या आहेत, शाळेत चित्रं आहेत, आणि ज्याने ते घर दोनशे वर्षं बसून कोरलं त्याला आपण कीड, रोग, सड असंच म्हणतो.

तुम्हाला काय वाटतं? दोघांची तुलना कशी कराल? आणि आपल्याकडचे अनुभव असतील तर जरूर लिहा.

---

पाऊलवाट

वाखुसा (वाचनखूण साठवली). आधी वाचते निवांत, मग लिहिते. स्टॅगखाली बसायचं वर्णन अगदी डोळ्यासमोर आलं.

---

लाकडाची_वखार

लेख छान आहे ताई पण मला पटत नाही सगळं. आमचा तीन पिढ्यांचा लाकडाचा धंदा, सावंतवाडीकडे. झाड बाहेरून एकदम टणटणीत दिसतं, तोडल्यावर आत पोकळ निघालं की घेणाऱ्याचं अख्खं नुकसान असतं. आजोबा कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने खोडावर ठोकून आवाज ऐकायचे, भद्द आवाज आला की ते झाड सोडून द्यायचे. बुरशी ही शेवटी झाडाचा शत्रूच ना, हळूहळू मारतेच की त्याला. तिला घर बांधणारी म्हणणं म्हणजे वाळवीला सुतार म्हणण्यासारखं आहे.

---

कवकप्रेमी

वखारदादा, तुमचे आजोबा बरोबर होते आणि तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे :)

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

झाडाच्या खोडात जिवंत भाग असतो तो सालीखालचा, बाहेरचा थर. पाणी तिथूनच चढतं. आतला गाभा मेलेला असतो, तो नुसता खांब म्हणून उभा. गाभा खाणारी बुरशी त्या मेलेल्या भागातच राहते म्हणून झाड पन्नास-शंभर वर्षं आतून पोकळ होत होत पण जगत राहतं, पानं येतात, फुलं येतात. पोकळ नळी पण चांगली मजबूत असते, बांबू बघा. प्रत्येक बुरशी अशी सोशिक नसते हे मान्य. आर्मिलारिया नावाची आहे ती मुळांमधून शिरते आणि जिवंत भागच मारते, ती खरोखर झाडाचा जीव घेते. तेव्हा सगळ्यांना एका माळेत ओवू नका एवढंच.

रानजाई, तुम्ही जी विटेच्या रंगाची चौकोनी तड्यांची पूड लिहिलीय ती ब्राऊन रॉटची खूण. लाकडात ढोबळमानाने दोन गोष्टी, सेल्युलोज (साखरेच्या लांबच लांब माळा) आणि लिग्निन (त्यांना धरून ठेवणारं सिमेंट म्हणा). ब्राऊन रॉटवाली साखरेच्या माळा खाते आणि लिग्निन तसंच ठेवते म्हणून लाकूड तपकिरी होतं आणि तुकडे पडतात. व्हाइट रॉटवाली लिग्निन पण फोडते, लाकूड पांढुरकं आणि धाग्याधाग्याचं होतं. जगात लिग्निन नीट फोडून दाखवणारे जीव फार थोडे आहेत, त्यात या बुरश्या सगळ्यात वर. त्या नसत्या तर जंगलात पडलेली लाकडं वर्षानुवर्षं तशीच साचत राहिली असती.

आता तुलना. लोकांना वाटतं बुरशी म्हणजे वनस्पतींपैकी काहीतरी. खरं तर बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहे, म्हणजे त्या पॉसमची लांबची चुलत भावंडं म्हणायला हरकत नाही. दोघांनाही स्वतःचं अन्न बनवता येत नाही. दोघंही जास्तीची साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात, वनस्पती स्टार्च साठवते. बुरशीच्या पेशीची भिंत कायटिनची, आणि पॉसम जे किडे खातो त्यांचं कवच पण कायटिनचंच. मोठा फरक पचनाचा. पॉसम आधी खातो मग पोटात पचवतो. बुरशीला पोटच नाही, ती पाचकरस बाहेर लाकडावर सोडते, पचन बाहेर होतं आणि मग ते शोषून घेते. म्हणजे पॉसम जेवण पोटात घेतो आणि बुरशी जेवणाच्या आत राहते.

---

तांबटवेडा

कवकप्रेमी सर, शेवटचं वाक्य _/\_

पुण्यातला अनुभव लिहितो. आमच्या सोसायटीत एक जुना पर्जन्यवृक्ष होता, त्याच्या एका वाळक्या फांदीत दर वर्षी तांबट घरटं करायचे. तांबट काही सुतारासारखा कडक लाकूड फोडू शकत नाही, त्याला मऊ पडलेली, कुजायला लागलेली फांदी लागते, म्हणजे बुरशीने आधी काम करून ठेवलेलं लागतं. फांदीच्या खालच्या बाजूला रुपयाएवढं गोल भोक, त्यातून लाल कपाळाचं डोकं बाहेर, दिवसभर टुक टुक टुक टुक. गेल्या वर्षी मार्चमध्ये कमिटीने ठरवलं फांदी वाळलीय, गाडीवर पडेल. मी म्हटलं मे पर्यंत थांबा, पिल्लं उडून जातील, खाली दोरी बांधून गाड्या लावायचं बंद करू. हो हो म्हणाले. मी दोन दिवस गावाला गेलो आणि परत आलो तर फांदी नाही. नुसती फांदी नाही, अर्धं झाड नाही. खाली भुसा पडला होता आणि तांबटाची जोडी समोरच्या वायरवर बसून ओरडत होती. तीन दिवस ओरडत होती. आत पिल्लं होती हे मला माहीत आहे कारण आदल्या आठवड्यात चारा नेताना बघितलं होतं.

माफ करा, अवांतर झालं असेल, पण "सडलंय, काढून टाका" हे शब्द ऐकले की अजून पोटात तुटतं.

---

रानजाई

तांबटवेडा, अवांतर अजिबात नाही, हाच विषय आहे. वाचून फार वाईट वाटलं.

वखारदादा, तुमचा मुद्दा मला इथे रोज ऐकायला मिळतो. माउंटन अ‍ॅश लाकडासाठी आणि कागदासाठी तोडायचे ते साधारण साठ-ऐंशी वर्षांचं झालं की. लाकूडवाल्याच्या हिशोबाने अगदी बरोबर, त्या वयात आतून घट्ट असतं. पण ढोली धरायच्या आधीच झाड गेलं, पुन्हा नवीन लावलं, ते पण ऐंशीला गेलं, म्हणजे त्या जागी ढोली कधीच होणार नाही, झाडं कितीही हिरवीगार दिसू देत. इथले डेव्हिड लिंडेनमायर म्हणून शास्त्रज्ञ आहेत, १९८३ पासून या जंगलात काम करतायत, ते हेच सांगत आलेत की मोठी जुनी झाडं वाचवा.

कोर्टबाजी पण खूप झाली. २०२० मध्ये फेडरल कोर्टाने पॉसमच्या बाजूने निकाल दिला, २०२१ मध्ये अपिलात तो फिरला. शेवटी सरकारनेच १ जानेवारी २०२४ पासून राज्याच्या मालकीच्या नैसर्गिक जंगलातली लाकूडतोड बंद केली. त्यावर जगणाऱ्या गावांना त्याचा त्रास झालाय हे पण खरं, आमच्या ओळखीचे एक काका ट्रक चालवायचे, आयुष्यभर तेच केलं त्यांनी. ते जंगलाचे वैरी नव्हते. कोणतं झाड कुठे आहे हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसेल.

---

जुनं_खोड

मुली, लेख आवडला. मी रत्नागिरी जिल्ह्यातला, आता वय ७४. तुझं वाचून धनेश आठवला.

आमच्या गावच्या देवराईत एक बेहडा होता, त्याच्या ढोलीत दर वर्षी धनेश. त्याची एवढी मोठी चोच पण त्याला स्वतःला भोक पाडता येत नाही, तयार ढोली लागते. मादी आत जाऊन बसते, विष्ठा आणि चिखलाने दार लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि नर महिनोन् महिने तिला फळं आणून भरवतो. लहानपणी आम्ही झाडाखाली पडलेल्या बिया बघून सांगायचो आज काय जेवण झालं. देवराईत कोयता न्यायचा नाही, पडलेलं लाकूडही उचलायचं नाही, देवाचा कोप होतो असं म्हणायचे. तेव्हा वाटायचं ही अंधश्रद्धा. आता कळतंय की त्या नियमामुळेच झाडं म्हातारी झाली, आणि म्हातारी झाली म्हणून पोकळ झाली. ढोली करणारी बुरशी आहे हे मात्र आज कळलं. आम्ही समजत होतो वीज पडून होते.

---

रानजाई

काका, पडलेलं लाकूडही उचलायचं नाही हा नियम किती मोठा आहे! इथे आता तेच पुस्तकातून शिकवतायत.

---

कुरडई

बावळट प्रश्न असेल पण पॉसम खातो काय? किडे म्हणालात वर. आणि एवढ्याशा ढोलीत बारा जण, भांडणं नाही होत? :)

---

रानजाई

कुरडई, अजिबात बावळट नाही, हा माझा सगळ्यात आवडता भाग!

डिंक खातो. आपला डिंकाच्या लाडवातला डिंक असतो ना, बाभळीचा, तसाच. इथे माउंटन अ‍ॅशच्या खाली दाट वॅटल वाढतात, वॅटल म्हणजे बाभळीच्याच खानदानातली झाडं. पॉसम रात्री खोडावर दातांनी खाच पाडतो आणि तिथून जो रस-डिंक गळतो तो चाटतो. पुन्हा दुसऱ्या रात्री त्याच खाचेवर येतो, जणू चीक काढायला ठेवलेलं झाड. त्याशिवाय सालीखालचे किडे, कोळी, रातकिडे. पण जास्त शक्ती त्याला या गोड चिकट रसांतूनच मिळते. म्हणजे कवकप्रेमी सर म्हणाले तसं, दोघंही शेवटी झाडाने केलेली साखरच खातायत, एक गळणारी, दुसरी लाकडात गोठलेली.

भांडणांबद्दल, घरात राज्य आईचं. कळपात एकच जोडी पिल्लं करते आणि मादी आपला भाग इतका जोरात राखते की दुसऱ्या माद्यांना पिटाळून लावते, स्वतःच्या वयात आलेल्या मुलींना पण. मुलगे त्या मानाने उशिरापर्यंत घरी राहतात. (हे वाचून लेक म्हणाली हे बरोबर नाही. मी पण म्हटलं बरोबर नाहीच.) पिल्लं एका वेळी एक किंवा दोन, जन्मतात तेव्हा तांदळाच्या दाण्यासारखी, आणि पुढचे तीनेक महिने आईच्या पिशवीत.

---

कवकप्रेमी

तिथेच फरक बघा. पॉसमची आई एक-दोन पिल्लांवर सगळं पणाला लावते. बुरशी एका अळंबीतून कोट्यवधी बीजाणू वाऱ्यावर सोडते आणि विसरून जाते, त्यातला एखादा नशिबाने मोडक्या फांदीच्या जखमेवर पडला तर पडला.

आणि 'एक' म्हणजे किती हाही प्रश्न आहे. चार पॉसम बाहेर आले तर तुम्ही चार लिहिलंत. बुरशी कशी मोजणार? आपल्याला खोडावर फळीसारखं दिसतं ते फक्त तिचं फळ, खरी बुरशी म्हणजे आत लाकडात पसरलेलं धाग्यांचं जाळं. एका झाडात एक असेल नाहीतर पाच असतील आणि त्या आपापसात हद्द आखून बसलेल्या असतील, ओंडका कापला की काळ्या रेघा दिसतात ना, त्या बऱ्याचदा दोन बुरश्यांमधल्या सीमारेषा असतात. वखारदादांनी नक्की बघितल्या असतील. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये आर्मिलारियाचं एकच जाळं सापडलंय, जवळपास साडेनऊ चौरस किलोमीटर, आणि वय हजारो वर्षं. तो एकच जीव.

नर-मादीचं पण तसंच. आंब्याच्या सरपणावर पावसाळ्यात छोट्या पांढऱ्या पंख्यांसारखी अळंबी येते, खालून चिरलेली, तुम्ही सगळ्यांनी बघितलीय, नाव स्किझोफायलम. तिच्यात आपल्यासारखे दोन नाही, २३ हजारांच्या वर प्रकार आहेत जोडीचे. त्यामुळे जो भेटेल तो जवळपास चालतोच. पॉसमला जोडीदार शोधायला पुढची ढोली गाठावी लागते आणि मध्ये जंगल तुटलं असेल तर संपलं.

---

लाकडाची_वखार

सर त्या काळ्या रेघा बघितल्यात, आम्ही त्याला लाकडाला 'नकाशा पडला' म्हणतो. अशा लाकडाच्या शोभेच्या वस्तू करणारे लोक मुद्दाम मागतात आणि जास्त पैसे देतात. त्या हद्दी आहेत हे माहीत नव्हतं. तीस वर्षं हातात धरून विकल्या मी त्या.

ताई, एक विचारतो. मग ढोल्या कमी पडत असतील तर लाकडाच्या पेट्या का नाही लावत? मी स्वतः करून देईन म्हणतो, चांगल्या सागाच्या.

---

रानजाई

दादा, किती छान. लावतात पेट्या. मेलबर्नच्या पूर्वेला यलिंगबो म्हणून दलदलीचं जंगल आहे, तिथे १९८६ मध्ये याच पॉसमचा एक वेगळा छोटासा गट सापडला, सखल भागातला तेवढा एकच. ते जवळजवळ पेट्यांच्याच भरवशावर जगतायत. पण डोंगरावर पेट्या तितक्या चालल्या नाहीत. पातळ फळीची पेटी उन्हात तापते नि थंडीत गार पडते, ढोलीच्या भिंती वीतभर जाड असतात. शिवाय काही वर्षांत पेटी कुजते. हल्ली चेनसॉने जिवंत झाडात ढोली कोरून वरून लाकडाचं झाकण बसवायचा प्रयोग पण करतायत, उंचावर दोरीला लटकून. एका ढोलीला माणसाला काही तास लागतात आणि बुरशीला दीडशे वर्षं, पण बुरशी ते डोंगरभर, फुकट आणि एका वेळी हजारो झाडांत करते.

आणि एक अवघड गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त छळते. १९३९ च्या आगीने जी जुनी झाडं मारली ती मेलेली उभी राहिली, त्यात ढोल्या होत्या. खाली आगीनंतर वॅटल उगवले, म्हणजे डिंक. घर पण, जेवण पण, त्यामुळे पुढची काही दशकं पॉसमला बरी गेली. पण मेलेल्या झाडात बुरशी थांबत नाही. जिवंत झाड तिला बाहेरच्या थरापासून लांब ठेवतं, मेलेलं ठेवू शकत नाही. आता ती झाडं एकेक करून पडतायत, आणि १९३९ नंतर उगवलेली अजून नव्वदची पण नाहीत. मधे मोठी फट आहे. त्यात ७ फेब्रुवारी २००९ ची आग, १७३ माणसं गेली, मेरीजव्हिल गाव बेचिराख झालं आणि पॉसमच्या जंगलाचा फार मोठा भाग जळाला. २०१५ मध्ये त्याला अतिधोक्यातल्या प्राण्यांत टाकलं.

म्हणजे घर देणारी पण तीच आणि मोडणारी पण तीच. तिला कुठे माहीत आहे आत कोण झोपलंय.

---

पाऊलवाट

आता लिहिते. आम्ही दर पावसाळ्यात भीमाशंकरला जातो. दोन वर्षांपूर्वी रात्री जंगलखात्याच्या माणसाबरोबर गेलो होतो, त्याने सगळ्यांना टॉर्च बंद करायला लावले, पाच-सात मिनिटं काहीच दिसलं नाही, आणि मग हळूहळू जमिनीवरच्या कुजक्या फांद्या हिरवट उजळायला लागल्या. पूर्ण काडी न् काडी दिसत होती. माझ्या हाताची बोटं दिसत नव्हती पण काड्या दिसत होत्या. ती पण लाकूड कुजवणारी बुरशीच ना? रानजाई तुमच्याकडे असते का?

---

कवकप्रेमी

हो, आपल्याकडची ती मायसिना गटातली. लाकूड ओलं आणि हवा दमट असली की चमकते, म्हणून पावसाळ्यातच.

---

रानजाई

आहे, घोस्ट फंगस म्हणतात, शिंपल्यासारखे मोठे पांढरट गुच्छ, युकॅलिप्टसच्या बुंध्याशी. दिवसा बघितलं तर खावंसं वाटेल पण विषारी आहे. आणि इथल्या आणखी एका बुरशीबद्दल सांगायचं राहिलं. युकॅलिप्टसच्या जिवंत खोडावर उंचावर पांढरी-पिवळसर मोठी उशीसारखी येते, गाभ्यात ब्राऊन रॉट करणारी. वाळली की थर्माकोलसारखी हलकी, आणि एकदा पेटवली की ज्वाळा न येता तासन् तास धुमसत राहते. आदिवासी लोक विस्तव एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला न्यायला ती वापरायचे. लेकीने आपल्या तक्त्यात 'माणसाला उपयोग' या रकान्यात बुरशीसमोर हे लिहिलं आणि पॉसमसमोर रकाना मोकळा ठेवला. मॅडमनी विचारलं इथे काहीच नाही का, तर ही म्हणाली, त्याचा उपयोग नसला तरी चालतो.

---

जुनं_खोड

शाब्बास पोरी. माझ्याकडून एक डिंकाचा लाडू.

---

तांबटवेडा

धागा वर काढतोय. रानजाई, पुन्हा गेलात का त्या झाडाखाली? दिसले का चौघं?

---

रानजाई

तांबटवेडा, काल गेलो होतो. लिहायला बसले की हात थांबतोय.

झाड पडलंय. मागच्या आठवड्यात दोन रात्री जोराचा वारा होता, बहुतेक तेव्हाच. लांबूनच कळलं कारण आभाळात ती काळी आकृतीच नव्हती. बुंध्यापासून दोन पुरुष उंचीवर मोडलंय आणि वरचं सगळं ओढ्याच्या बाजूला आडवं. पडताना फुटलं त्यामुळे ढोली उभी चिरल्यासारखी उघडी पडलीय, आत वाकून बघता येतं. लेक माझ्या आधी पोचली.

आतून इतकी मोठी असेल असं वाटलं नव्हतं. तोंड माझ्या मुठीएवढं आणि आत ही मांडी घालून बसू शकेल एवढी जागा. भिंती तपकिरी, गुळगुळीत, येण्याजाण्याने घासलेल्या. मधोमध सालीच्या धाग्यांचा गोळा, काथ्याच्या गादीसारखा, एका बाजूला दबलेला. धागे वेगवेगळ्या रंगाचे होते, खालचे काळपट, वरचे ताजे लालसर, म्हणजे पडायच्या थोडे दिवस आधीपर्यंत नवीन आणून लावत होते. आम्ही हात लावला नाही. भिंतीत जिथे लाकूड फाटलं होतं तिथे पांढरे धागे, पातळ कापसासारखे, ओलसर. तुमचं जाळं, सर. ते जिवंत होतं.

आत कोणी नव्हतं, आजूबाजूला पण काही सापडलं नाही. गणती करणाऱ्या बाई म्हणाल्या की एका कळपाच्या दोन-तीन ढोल्या असतात, आलटून पालटून वापरतात, त्यामुळे त्या रात्री ते दुसरीकडे असू शकतील. ओढ्यापलीकडे एक जिवंत जुनं झाड आहे, त्याला आधीच नंबर दिलेला आहे. त्यांनी समोरच्या वॅटलवर कॅमेरा बांधलाय, त्याच्यापुढे मध आणि ओट्सची गोळी. कार्ड तीन आठवड्यांनी काढणार.

---

लाकडाची_वखार

ताई, पडलेलं झाड उचलणार का ते लोक?

---

रानजाई

नाही दादा, तसंच ठेवणार आहेत, जिथे पडलं तिथेच. रस्ता पण त्याला वळसा घालून करतायत.